जैनी, नवा रकाना आला आहे

जैनी, भांडण अर्धवट टाकून जाणारी तू नव्हेस. जेवण अर्धवट सोडशील, अर्धा प्यायलेला चहाचा कप माझ्या कळफलकाशेजारी आठवडाभर ठेवशील, पण भांडण नाही. बसमध्ये सुरू झालेलं भांडण तू दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पायरीवर बरोबर त्याच वाक्यापासून पुढे न्यायचीस. या वेळी मात्र मध्येच सोडून गेलीस, आणि मी तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला दुसरं काही येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

ग्रुपवर लोकांनी फुलांची चित्रं टाकली. शोकसभेत आपल्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, जैनी संस्थेचा कणा होती. तू असतीस तर माझ्या कानाशी येऊन पुटपुटली असतीस, "मंग कण्यासाठी गादीची खुर्ची द्या म्हणा त्यायले, कवाची मागून राह्यली." मला हसू आलं आणि शेजारच्यांनी वळून पाहिलं. नंतर मला बोलायला उभं केलं. तोंडातून एवढंच निघालं, की आमचं दोघींचं एका गोष्टीवरून भांडण चालू होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि मी खाली बसले. जे तिथे जमलं नाही ते आता इथे बोलते, तुझ्याशीच.

तू पहिल्यांदा नागभीडला आमच्या घरी आलीस तेव्हा आईनं विचारलं होतं, तुम्ही दोघी दिवसभर त्या कॉम्प्युटरात करता तरी काय. मी काहीतरी जड जड सांगायला लागले, तू मला गप्प केलंस. ताटातला भात बाजूला सारलास आणि बोटानं रेघा ओढल्यास. "काकू, हे टेबल. आडव्या ओळीत एक-एक माणूस. उभ्या रकान्यात त्याचं नाव, गाव, रगत किती, औषध कोनतं. माणसं त येत-जात राहतेत, त्याची आमाले चिंता नाई. पण उभा रकानाच कोणी नवा काढला, नाईतर पुसला, नाईतर लहान-मोठा केला, त घराचा खांब हालवल्यावानी होते. कोणी हालवला अन् कवा हालवला, हे आमाले पकडा लागते." आईनं विचारलं, "मंग पकडून काय करता?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "हे म्हणते, त्याचे हात बांधा. मी म्हणतो, त्याले इचारा काऊन हालवला." आईनं डोकं हलवलं आणि भात आधी तुला वाढला. आपलं सगळं भांडण एवढंच होतं.

आरमोरीला मुख्य दवाखाना, आणि तिथून थेट आलापल्लीच्या पलीकडच्या रानापर्यंत विखुरलेली आपली सेंटरं. प्रत्येक सेंटरवर एक नर्सबाई, एक कॉम्प्युटर, आणि त्या भागातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटांची माहिती. नेट आलं की ती माहिती मुख्य सर्व्हरला येऊन मिळायची. पण नेट त्याच्या मर्जीनं यायचं. अडलं-नडलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करता यावं म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना मोठा पासवर्ड देऊन ठेवलेला. तो हातात असला की डेटाबेसमध्ये वाट्टेल ते करता येतं. एका सेंटरवर तो पासवर्ड दारामागे खडूनं लिहिलेला होता. त्याच्याखाली त्याच अक्षरात, "कोणालेच सांगू नये." तू त्याचा फोटो काढून पोट धरून हसलीस. मला घाम फुटला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. एका सेंटरवर रक्त तपासायचं यंत्र बंद पडलं. आकडा मिळेना, आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यात आकड्याशिवाय काही लिहिता येईना. पेशंटची नखं तर पांढरीफटक. बाईंनी आपणच प्रशिक्षणात दाखवलेली बटणं दाबून रकान्याचा प्रकार बदलला, आकड्याचा मजकूर केला, आणि लिहून टाकलं, "बराच कमी." मुख्य सर्व्हरला आकडा हवा होता, त्यानं "बराच कमी" घ्यायला नकार दिला, आणि त्या सेंटरच्या सगळ्याच नोंदी तिथे अडकून बसल्या. आपल्याला वाटत राहिलं, त्या भागातले पेशंट येत नाहीत. त्यांना वाटत राहिलं, आरमोरीवाले सगळं बघून राह्यले. औषधं कमी पडल्यावर बाईंचा फोन आला तेव्हा कुठे उलगडा झाला. मी त्या दिवशी ऑफिसभर आदळआपट करत फिरत होते. तू मान खाली घालून टाईप करत होतीस.

तीच तुझी स्क्रिप्ट, रोज आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. डेटाबेस स्वतःच्या घडणीचीही माहिती बाळगून असतो: टेबलं कोणती, रकाने कोणते, कोणता आकड्याचा, कोणता मजकुराचा, कशात किती अक्षरं मावतात. रोज सकाळी जे सेंटर नेटवर येईल त्याची ही माहिती ओढून घ्यायची आणि आधीच्या माहितीशी ताडून बघायची. आधी तू सगळ्याचा मिळून एकच ठसा काढायचीस. ठसा जुळला नाही की काहीतरी बदललं एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. मी म्हटलं, हे म्हणजे घरात चोर शिरलाय एवढं सांगायचं आणि खोली सांगायची नाही. तू फणकारलीस, पण पुढच्या दोन दिवसांत रकान्यागणिक तुलना करून आणलीस. ग्रुपवर येणारा मेसेज मात्र तुझ्या बोलीत: "नवा रकाना आला. कोणी टाकला ते इचारा." मी तो पुस्तकी मराठीत करून ठेवायची, तू परत पहिल्यासारखा करायचीस. शेवटी तू त्यात आणखी एक ओळ घातलीस, "रागावू नका." ती कोणासाठी होती ते सगळ्या ग्रुपला कळलं.

ताराबाईंची गोष्ट तुला आठवत असेल. तारा म्हणजे तुझ्या आईच्या गावाजवळच्या, नदीपलीकडच्या सेंटरची नर्स. एका सकाळी मेसेज आला की तिच्या टेबलातून "नवऱ्याचे नाव" हा रकाना गेला आणि "घरच्याचे नाव" हा नवा आला. मी हबकले. गेला म्हणजे त्यातली माहितीही गेली? की नुसतं नाव बदललंय? स्क्रिप्टला ते कळत नव्हतंच. रकान्याचं नाव बदललं की तिच्या लेखी एक मेला आणि दुसरा जन्मला. मी म्हटलं, आतली माहिती ताडून बघ, जुळली तर समज नाव बदललं, यंत्रानंच ठरवू दे. तू म्हणालीस, "यंत्र काय सांगन? आपल्याले पाय नाईत, का ताराले तोंड नाई?" आणि सरळ जीप काढून गेलीस. मी पण आले, कारण तुला एकटीला जाऊ देणं जिवावर यायचं. तारानं चहा ठेवता ठेवता सांगितलं, "विधवा बाया येतेत वं बाई. मी नवऱ्याचं नाव इचारतो अन् त्या खाली पाहून बसतेत. मंग औषध न घेताच निघतेत. म्हणून घरच्याचं केलं. कोणाचंबी सांगतेत, भावाचं, पोरीचं." माहिती जागच्या जागी होती. परतताना जीपमध्ये तू गाणं गुणगुणत होतीस, आणि तू जिंकलीस हे मला सारखं टोचत होतं.

पण जैनी, माझंही काही चुकत नव्हतं. हे मी तू असताना म्हणत होते आणि आजही म्हणते. तारा शहाणी आहे म्हणून सगळे तारा नसतात. एका सेंटरवर रकाना वाढवायला गेलेल्या माणसानं औषध सुरू केल्याची तारीखच पुसली, आणि वर फोन करून विचारलं, "हे वापस आणाचं बटण कुठी हाये?" बॅकअप होता म्हणून निभावलं. तू म्हणालीस, "सापडलं ना सकाळीच?" मी म्हटलं, आज सापडलं, उद्या बॅकअप नसला तर? पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा. मोठा पासवर्ड काढून घ्यायचा, रचना बदलायचा हक्क फक्त आरमोरीला ठेवायचा, ज्याला रकाना हवा त्यानं आपल्याला सांगायचं. तू म्हणालीस, "सांगनार नाईत वं, वैशे. सांगाले फोन लागला पायजे, मंग तू हो म्हटलं पायजे. तोवर ते बाई उठून गेली असन." आणि मग तुझं ते ठरलेलं वाक्य, "रकाना कोणी मजेनं नाई टाकत. कुठीतरी कायतरी सांगाचं राह्यलं असते." डॉक्टरसाहेब कंटाळून म्हणाले, तुम्ही दोघी ठरवा आणि मला सांगा. दोघी ठरवणार म्हणजे काही ठरणार नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तुझ्या आजाराबद्दल आपण फार बोलत नव्हतो. तूही सिकलसेलची पेशंट होतीस, हे लपवलेलं नव्हतं, पण विषय काढलेला तुला आवडायचा नाही. बाटली सतत जवळ. पाण्याला तू आईच्या भाषेत येर म्हणायचीस, मीटिंगमध्ये मला खुणावून "येर दे" म्हणायचीस, आणि नवे लोक गोंधळून जायचे. अंग दुखायला लागलं की तुझा चेहरा आधी गप्प व्हायचा. मला ते ओळखता यायचं, इतरांना नाही. मी काही न बोलता तुझ्या पुढ्यातलं काम ओढून घ्यायची, आणि बरी झालीस की त्यातल्या चुका काढून तू माझे आभार मानायचीस. मला तुझी काळजी वाटते, असं सरळ वाक्य मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "काय वं, ताप हाये का तुले?" म्हणून राहून गेलं.

दर पावसाळ्यात तुझा पंडुम यायचा, नवं खाण्याचा सण. तो होईपर्यंत तू कोवळ्या भाजीला हात लावायची नाहीस. माझ्या डब्यात पहिली काकडी, पहिली दोडक्याची भाजी यायची आणि तू डबा झाकून माझ्याकडे सरकवायचीस. मी मुद्दाम तुझ्यासमोर मिटक्या मारत खायची. सण तू गडचिरोलीला बहिणीकडे करायचीस. आईच्या गावाला जायला नदी ओलांडावी लागते, पुलावर पाणी आलं की तो भाग तुटतो, आणि डॉक्टरांनी तुला पावसात पलीकडे जायची बंदी केलेली. तू बंदी पाळायचीस. आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो.

या वर्षीही तू रजा टाकलीस. मी शेवटी डॉक्टरसाहेबांकडून कबूल करून घेतलं होतं की येत्या सोमवारी डेटाबेसला कुलूप लावायचं. तू पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिलीस. "मी जाऊन येतो वं." मी स्क्रीनकडे बघत होते, हक्क काढून घ्यायच्या आज्ञा तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "सोमवारच्या आत ये. नंतर म्हणशील, माझ्या पाठीमागे केलं." तू जरा वेळ उभी राहिलीस. मला वाटलं, भांडायला शब्द शोधते आहेस. मग चपलांचा आवाज आला आणि तू गेलीस.

दुपारी तुझा फोन आला, बसमधून असावा, घरघर ऐकू येत होती. "थांब वं वैशे, मले एक सुचलं हाये. तुयंबी होते, मायंबी होते, असं." मी म्हटलं, सांग. "हे पाय, समज का प्रत्येक सेंटरले—" आणि आवाज तुटला. मी परत लावला, लागला नाही. मला वाटलं, रेंज गेली, येईल उद्या. गडचिरोलीच्या वाटेवर इतका वेळ रेंज जात नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कुठून बोलतेस, कुठे चाललीस, हे मी विचारलंच नाही. कुलुपाचं काय ते सांग, एवढंच मला हवं होतं.

तुझी बहीण समजत होती, रजा मिळाली नाही म्हणून तू आरमोरीलाच आहेस. आम्ही समजत होतो, तू बहिणीकडे आहेस. आणि तू नदीपलीकडे होतीस, आईकडे. आई पडवीत घसरून पडली होती, भावानं निरोप पाठवला, आणि तू निघालीस. मला सांगितलं नाहीस, कारण मी ओरडले असते. ओरडले असतेच, जैनी. तुझी पिशवी हिसकावून घेतली असती. आता वाटतं, तू दारात उभी राहिलीस ती सांगू की नको करत होतीस. मी वर बघितलं असतं तर तुझा गप्प झालेला चेहरा मला दिसला असता का? हा एक प्रश्न मला कुठेच नेत नाही, तरी मी रोज तिथेच जाते.

त्याच रात्रीपासून पाऊस, आणि पुलावर पाणी. तिकडचे फोन बंद. सोमवार आला, तू आली नाहीस. मी आज्ञा तयार ठेवून बसले होते, पण तुझ्या मागे करायचं नाही असं मीच बोलून बसले होते. दिवसभर दाराकडे बघून वैतागले आणि संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाले, "कुठे मेली ही?" आपल्याकडे कोणीही कोणालाही म्हणतं. मी तुला शंभरदा म्हटलं असेल आणि तू शंभरदा हसली असशील. त्या वेळी तुला जाऊन एक दिवस झाला होता. ते शब्द मला परत घेता येत नाहीत.

पाणी उतरल्यावर तू गेल्याचा निरोप आला आणि मी निघाले. तुझा भाऊ वाटेत घ्यायला आला होता. तुझ्या आईला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. तिनं माझा हात धरून ठेवला आणि ती खूप वेळ काहीतरी सांगत राहिली, भावानं ते मराठीत करून सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. पीक निघाल्यावर तुझ्या आठवणीसाठी गावाबाहेर दगड उभा करणार आहेत. मी येणार आहे, कोणी बोलावो न बोलावो.

बाकीचं तारानं सांगितलं. तुला धाप लागली, छातीत दुखायला लागलं, तशी घरच्यांनी तुला खाटेवर घालून तिच्या सेंटरवर आणलं. तिनं सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. सिलिंडर एकच होता. पूर येण्याआधी आपण तुटणाऱ्या सेंटरांवर साठा पाठवतो, आणि कुठे किती पाठवायचा ते टेबलातल्या "गाव" या रकान्यावरून ठरतं. त्या भागात जेवढे पेशंट, तेवढा साठा. तुझ्या नावासमोर गाव आहे आरमोरी. तो हिशेब काढणारी ओळ आपण दोघींनी शेजारी बसून लिहिली होती, आणि पहिल्या फटक्यात बरोबर चालली म्हणून भजी खाल्ली होती. तारा म्हणाली, "मरता मरता बी मलेच धीर देऊन राह्यली होती जी. म्हणे, तारा, तुयी चूक नाई." डॉक्टरसाहेब म्हणतात, दुसरा सिलिंडर असता तरी सांगता आलं नसतं. ते खोटं बोलत नसावेत. माझं समाधान मात्र होत नाही.

परत आले आणि ठरवलं, आता कुलूप लावायचं. कोणाची वाट बघायची राहिली नव्हती. खरं सांगू, मला सूड उगवल्यासारखं काहीतरी करायचं होतं. त्याच सकाळी ताराचं सेंटर बऱ्याच दिवसांनी नेटवर आलं, आणि तुझ्या स्क्रिप्टचा मेसेज ग्रुपवर पडला. पेशंटच्या टेबलात नवा रकाना. नाव: "पावसात मुक्काम". माझं डोकं सणकलं. एवढं सगळं होऊन यांना अजून रकाने सुचतात! बोटं रकाना काढून टाकायच्या आज्ञेवर होती. मग मेसेजच्या खालची तुझी ती ओळ दिसली, आणि मी फोन उचलला. रागावूनच उचलला, ते काही सुधारत नाही.

तारा आधी घाबरली. "बाई, चुकलं का?" मी म्हटलं, चुकलं-बिकलं नाही, का टाकला ते सांगा. ती म्हणाली, "जैनीबाईचं झालं तवापासून मी सगळ्यायलेच इचारून राह्यली. पावसात कुठी राहता तुमी? शेतावरच्या झोपडीत का मायच्या घरी? आपल्या टेबलात एकच गाव हाये. पण मानूस काय एकाच गावचं असते का जी? बाया माहेरी येतेत, पोट्टे आश्रमशाळेतून घरी येतेत. सहा जन निंगाले बाई माह्या भागात, ज्यायचं गाव दुसरंच लिवलं हाये. लिवाले जागाच नोती, म्हणून मीच केली." मी म्हटलं, राहू द्या तो रकाना. तारा म्हणाली, "रागावल्या नाई ना?"

मी पासवर्ड सगळ्यांकडून काढून घेतला, जैनी. हो, घेतला. मूळ टेबलाला आता कोणी हात लावू शकत नाही. पण प्रत्येक सेंटरला जोडीचं एक मोकळं टेबल दिलं आहे. त्यात हवे ते रकाने घाला, हवे ते लिहा, सर्व्हर अडणार नाही. त्यावर तुझी स्क्रिप्ट लक्ष ठेवते, आणि नवा रकाना दिसला की मी फोन करून विचारते. माझंही झालं आणि तुझंही. तुला बसमध्ये सुचलं होतं ते हेच होतं का? "प्रत्येक सेंटरले" म्हणालीस, म्हणून मला हे सुचलं. कदाचित तू भलतंच काही सांगणार होतीस, याहून चांगलं. मी चुकीच्या जागी तुझं नाव लावत असेन तर तू येऊन भांडणार नाहीस, आणि हेच मला सोसत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की मला जिंकायचं आहे. मला फक्त तू समोर हवी होतीस, हे आता कळून काय उपयोग?

कुलूप लावण्याआधी मूळ टेबलात मी शेवटचा एक बदल केला. ताराचा रकाना सगळ्या सेंटरांवर घातला. नवा रकाना आला की जुन्या सगळ्या ओळींत तो रिकामाच येतो. म्हणून बायांना सांगितलं, एकेका पेशंटला विचारा आणि भरा. काल तारा तिच्या भागाच्या नोंदी भरत होती, मध्येच तिनं फोन केला. तू तिच्या सेंटरवर गेलीस म्हणून तुझी ओळ आता तिच्याकडे आहे. मृत्यूची नोंद तिनंच केली आहे, पण ओळ आपण पुसत नाही.

"बाई," ती म्हणाली, "जैनीबाईच्या पुढं रिकामंच ठेवू का?"

मी नको म्हटलं. तिनं विचारलं, मग काय लिहू. मला उत्तर माहीत होतं.

"आईकडे," मी म्हटलं. "लिहा तारा. आईकडे."